साडूंची बचत

उन्हाळ्यात शाळांचे गणवेश शिवायची घाई, म्हणून माझ्या मेहुणीने महिनाभर स्वयंपाकघर नवऱ्याच्या हाती दिले. "निम्म्या खर्चात चालवतो. जमलं तर कायमचं मीच बघणार," आमच्या साडूंनी बजावले.

रोज उकडलेला भोपळा. बायको-मुले दोन घास खाऊन उठत. साडूंना तो शिस्तीचा विजय वाटे.

महिनाअखेर ते वही घेऊन आमच्याकडे आले. खर्च खरोखर निम्मा होता.

"तुमचा मात्र दुप्पट झालाय म्हणे, साडूभाऊ. शिस्त नाही घरात."

मी आतल्या खोलीकडे बोट दाखवले. त्यांची बायको आणि मुले नेहमीसारखी आमच्याकडे जेवत होती.

"उद्यापासून स्वयंपाक मीच करते," मेहुणी पानावरून न उठताच म्हणाली. "तुम्ही ताईला महिन्याचं वाणसामान भरून द्या."