कोर्ट उघडं होतं

धोब्याच्या चिठ्ठीवरसुद्धा देवधर वकील तारीख घालून सही घेत. "तारीख नसलेली सही म्हणजे मीठ नसलेली आमटी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांचा ज्युनिअर. चंदीगडच्या त्या ऑफिसात मी निम्मी बोलणी तारखेवरूनच खाल्ली.

असा हा माणूस जवळच्याच मनीमाजऱ्याच्या बलवंतसिंगांपुढे मात्र पार बदलून जाई. ट्रक घेण्यासाठी सरदारजींनी सरांकडे घर गहाण ठेवलं होतं. पुढे पंजाबात दहशतीचे दिवस आले, वरचेवर कर्फ्यू लागू लागला आणि ट्रक दारातच उभा राहिला. अशा गहाणावर दावा लावायला कायदा बारा वर्षं देतो. त्या मुदतीत कर्जदाराने कर्जाची लेखी कबुली दिली, की बारा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. सरदारजी दर गुरुपुरबाला, म्हणजे गुरूंच्या जयंतीला, कडाह प्रसादाचा शिरा आणि कबुलीचा कागद घेऊन येत. सर प्रसाद ठेवून घेत आणि कागद परत करत.

"लिखना मत, सरदारजी. मुंह से बोलो, हम सुनता है."

साहेबांना म्हातारचळ लागला, अशी माझी खात्री झाली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी दावा टाइप करून त्यांच्यापुढे ठेवला. "सर, सही करा. आजचा दिवस गेला की तुमची आयुष्याची पुंजी बुडाली!"

"कोर्ट उघडं आहे का रे?"

शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असलं, तर उघडेल त्या दिवशी दावा चालतो. "उघडं आहे, सर. आज कर्फ्यू नाही."

"अरेरे! म्हणजे उद्यावर ढकलायचीही सोय नाही. चल, चहा पिऊ."

चहा पाच वाजेपर्यंत, कोर्ट बंद होईपर्यंत चालला. मी चिडलो होतो. शेवटी तेच म्हणाले, "लेका, त्याचं छप्पर विकून मला झोप लागेल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराचे कागद स्वतः मनीमाजऱ्याला नेऊन दिले. सरदारजी म्हणाले, "मियाद कागज दी मुक्की ए, वकीलसाब. साडी नहीं." मुदत कागदाची संपली, आमची नाही. पुढे ट्रक रस्त्याला लागला आणि ते महिन्याच्या महिन्याला हप्ता आणू लागले. सर त्याची पावती देत नसत.

सर गेले. मला फार पोरकं वाटलं. पुढच्या पहिल्या तारखेला सरदारजी हप्ता घेऊन काकूंपुढे उभे राहिले. काकूंनी नवऱ्याच्या सवयीने कागद काढला, वर तारीख घातली.

सरदारजींनी हलकेच त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "लिखना मत, भैणजी. वकीलसाब ने मना किया है."