बेदाण्याच्या शेडमधले झेंडू

माझं शिक्षण पाचगणीला, इंग्रजी शाळेत झालं. चित्रकलेच्या तासाला आम्ही जलरंगात डोंगर काढायचो. माझे डोंगर इतके फिके असायचे, की कागद उजेडात धरल्याशिवाय दिसू नयेत. मला ते सोयीचं होतं. फिक्या चित्रापाशी कुणी थांबत नाही, आणि मग काढणारीकडेही कुणी वळून बघत नाही.

आता घर साताऱ्यात, नोकरी सांगलीत आणि तिथेच दर रविवारी तैलरंगाचा वर्ग. एकदा मी झेंडू काढत होते, तेव्हा वर्ग घेणाऱ्या बाई माझ्या मागे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू रंग लावतेस, की त्याची परवानगी मागतेस?" मग त्यांनी माझ्या पॅलेटवरचा काळा आणि पांढरा, दोन्ही फडक्याने पुसून टाकले. झेंडूच्या सावलीत काळा घातला की फूल शिळं दिसतं, म्हणाल्या. डाळिंबी लाव, जांभळा लाव. मागे निळा ठेव आणि बघ नारिंगी कसा पेटतो ते.

त्याच सुमारास तासगावहून आत्याचा फोन आला. त्यांचं नवं घर बांधून झालं होतं, वास्तुशांत ठरली होती. "हॉलच्या मोठ्या भिंतीवर तुझंच चित्र लावायचंय. फुलांचं काढ. दुकानातलं मला नको." मी हो म्हणाले. फोनवर नाही म्हणायला फार वाक्यं लागतात.

मग मी झेंडू काढले. पहिल्यांदाच ब्रश बाजूला ठेवून पॅलेट नाइफने जाड रंग थापला. पाकळ्यांच्या पोटात डाळिंबी, कडांना पिवळा, मागे गर्द निळा. काढताना मजा आली. संपल्यावर मात्र आठवलं: सगळी भावकी त्या भिंतीसमोर जेवणार होती. मी पांढऱ्याची ट्यूब हातात घेऊन चित्रासमोर उभी राहायचे आणि परत ठेवून द्यायचे.

बेदाण्याच्या सौद्याला सांगलीत आलेले मामा, म्हणजे आत्याचे यजमान, माझ्या खोलीवर चित्र न्यायला आले. त्यांनी एका बोटाने कोपरा दाबला. बोट नारिंगी झालं.

"वाळलं न्हाई व्हय अजून?"

"जाड आहे ना मामा. महिना तरी लागेल."

"महिना? आमच्या शेडात पंधरा दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतोय. तुझ्या फुलांचं काय एवढं."

द्राक्षातलं पाणी उडून जातं, रंगातलं तेल उडत नाही, ते हवा खात सावकाश घट्ट होतं. हे मला माहीत होतं. पण शेडमध्ये हवा भरपूर असते, असा विचार करून मी चित्र त्यांच्या हवाली केलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तासगावला पोचले, तर आत्या दारातच. "चल आधी शेडात," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा भाव नीट ओळखू येईना. हसू दाबत होती की काय, कळेना.

शेडमध्ये एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात आणि त्यांवर द्राक्षं वाळत असतात. वाळली की जाळी झटकायची, बेदाणे खाली पडतात. मामांनी माझं चित्र सावलीची जागा म्हणून जाळ्यांच्या खाली आडवं ठेवलं होतं, सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. पण सकाळी गड्यांनी नेमकी तीच ओळ झटकली. वरून बेदाण्यांचा पाऊस पडला आणि ओल्या रंगात ठिकठिकाणी रुतून बसला.

"झेंडू कुठले," आत्या म्हणाली, "बुंदीचे लाडू झाले की गं."

खरोखर तसंच दिसत होतं. मी हसले, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आता चित्र लागणार नव्हतं आणि त्यात माझा काही दोष नव्हता.

मामा मात्र टोपी हातात घेऊन उभे होते. "माझ्यामुळंच झालं बघ. भिंत रिकामी न्हाई ठेवायची, आज दुकानातलंच एक आणतो. धबधब्याचं."

तो धबधबा मला डोळ्यासमोर दिसला. पांढरं धुकं, दोन हरणं, भोवती सोनेरी चौकट. आणि मला राग आला. मामांचा नाही, त्या अजून न आणलेल्या चित्राचा.

"नको. करते मी काहीतरी," मी म्हणाले.

नव्या घराच्या पडवीत आम्ही चित्र पाटांवर ठेवलं. आत्या चिमट्याने बेदाणे उपटायला बसली. एक तर सवयीने तोंडाकडेच नेला.

"आत्या, रंग लागलाय त्याला."

"कळतंय गं मला," म्हणत तिने तो ताटलीत टाकला.

प्रत्येक बेदाण्यामागे एक खड्डा राहत होता. माझ्याजवळ तीनच ट्यूबा होत्या: तांबडी, पिवळी आणि पांढरी. पांढरी मी चित्र ऐनवेळी थोडं शांत करायला आणली होती, कुणाला न सांगता. पण खड्ड्यात पांढरट रंग भरला असता तर झेंडूंना देवीचे व्रण पडल्यासारखं दिसलं असतं. मी विचार करत बसले, तशी आत्या चिमटा नाचवत म्हणाली, "तांबडा घाल की. माझा शालू नव्हता का, लग्नातला? तसा."

मी ट्यूबमधला तांबडा नाइफवर तसाच घेतला, काही न मिसळता, आणि खड्ड्यात दाबला. मग शेजारच्या. ऊन उतरेपर्यंत तेच करत होते. झेंडू आधी पेटलेले होते, आता तर धगधगायला लागले. बाईंनी सांगितलं होतं त्याच्याही पुढे गेले होते. मामांनी लांबून बघितलं आणि टोपी डोक्यावर घातली.

कुणाचा हात लागू नये म्हणून चित्र चांगलं उंचावर टांगलं. दुसऱ्या दिवशी पंगती सुरू झाल्या. शेजारची एक म्हातारी हॉलमध्ये आली आणि दारातच थबकली.

"आगं बया, केवढं भडक. कुणी काढलं हे?"

एरवी अशा वेळी मी पाण्याचा जग घेऊन स्वयंपाकघरात जाते. जग हातातच होता.

"मी काढलंय आजी."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू व्हय? वाटत न्हाई बघून." बाकीच्या बायका चित्राच्याच भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांना सोडून ती समोरच्या ओळीत, चित्राकडे तोंड करून बसली. मी तिच्यापासूनच पाणी वाढायला सुरुवात केली.