अकरा मिनिटांची चौकशी

श्री. शिवराम गंगाराम रोकडे, तिकीट क्रमांक ३१७, हुद्दा क्रेनचालक, वय अठ्ठेचाळीस, उंची पाच फूट चार इंच, बांधा स्थूल, मान आखूड, ओळखीची खूण डाव्या कोपरावर भाजल्याचा व्रण, आजवरची वर्तणूक समाधानकारक. सदर इसम दिनांक ९ फेब्रुवारी १९९५ रोजी पहिल्या पाळीत सकाळी दहा वाजून पाच मिनिटे ते दहा वाजून सोळा मिनिटे या वेळेत, क्रेनच्या हुकास रिकामे लॅडल लटकत असताना, केबिनमध्ये निद्रिस्त अवस्थेत आढळून आला. घोरण्याचा आवाज खाली चाळीस फुटांवर, यंत्रे चालू असताना, स्पष्ट ऐकू आल्याचे तीन साक्षीदारांचे म्हणणे आहे.

हे आरोपपत्र मोरिवलीच्या एका ओतकाम कारखान्यातलं. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड वाहून न्यायची माणसाएवढी उंच बादली. त्या दिवशी ती रिकामी होती, एवढी एकच गोष्ट शिवरामच्या बाजूची होती, आणि ती इतर कुणाच्याही आधी त्याला स्वतःलाच कळली. खाली उतरताच फोरमनला तो म्हणाला, "काय होतंय ते कळेपर्यंत मला वर पाठवू नका. मी जाणार नाही." फोरमनने हे वाक्य "कामास नकार" म्हणून आरोपपत्रात वेगळं नोंदवलं, आणि चौकशी संपेपर्यंत शिवरामला भंगाराच्या यार्डात लोखंड निवडायला बसवलं.

कारखान्याच्या नियमांत कामावरच्या झोपेचे दोन प्रकार होते. दारू पिऊन लागलेली झोप आणि दारू न पिता लागलेली झोप. दारू पिऊन झोपलेला कामगार माफीनामा देई आणि तीन दिवस घरी बसे, कारण दारूपुढे माणसाचं काही चालत नाही हे व्यवस्थापनाला मान्य होतं. न पिता झोपलेला कामगार मात्र जाणूनबुजून झोपला असं धरलं जाई, आणि क्रेनवरच्या माणसाला त्यासाठी बडतर्फी होती. त्यामुळे कारखान्यात झोपलेला प्रत्येक जण प्यायलेलाच निघे. माफीनाम्याचे छापील नमुने युनियनच्या कपाटात गठ्ठ्याने पडलेले असत. फक्त नाव आणि तारीख भरायची.

युनियनचा जयदेव म्हात्रे नमुना भरूनच यार्डात आला. जयदेव मोरिवली गावातलाच. कारखाना उभा होता त्या जमिनीत त्याच्या बापाने भात लावला होता, त्यामुळे कारखान्यातल्या कुठल्याही खात्यात तो स्वतःच्या अंगणात आल्यासारखा शिरे.

"शिवरामदा, सही मार. तीन दिस घरी बस, चौथ्या दिशी क्रेनवर."

शिवरामने कागद वाचला. "मी प्यायलो नव्हतो."

"ते मला ठावं हाय. त्या साहेबाला बी ठावं हाय. इथं प्यायला कोण होता? तो परब? त्याला तं थम्सअप बी चढते. तीनदा सही केलीन."

"परबचं परब बघेल."

"अरे, कागद हाय तो. कपाटात जाईल, उंदीर खातील."

"उंदरांनी तरी खोटं का खावं?"

जयदेव कागद घडी करून खिशात घालत म्हणाला, "तुला ना, नोकरी जास्त झालीय."

अडचण अशी होती की शिवराम अंबरनाथच्या आपल्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना सांगत असे. पंचशील तो पुढे म्हणे आणि साठ-सत्तर माणसं त्याच्यामागे म्हणत. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आणि पाचवं मद्य न घेण्याचं. माफीनाम्यावर सही केली असती तर चौथं खरोखर मोडलं असतं आणि पाचवं कागदावर कायमचं मोडलेलं राहिलं असतं. एका सहीत दोन. सोळाव्या वर्षापासून शिवरामने दारूच्या थेंबाला बोट लावलं नव्हतं. त्याच्या बापाने दोघांच्या वाटची पिऊन ठेवली होती, आणि बापाचं दारूचं मडकं शिवरामने स्वतःच्या हाताने फोडलं होतं.

पण बातमी त्याच्या आधी वस्तीत पोचली. रविवारी विहारात समितीचे शंकरराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रकरण मिटेपर्यंत वंदना दुसऱ्या कुणी सांगितली तर? लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"हेच. की रोकडे घेतात वाटतं."

"मग त्यांना माझ्या तोंडाचा वास घेता येईल असं पुढे बसवा," शिवराम म्हणाला, आणि जाऊन आपल्या जागी उभा राहिला. त्या दिवशी पाचवं शील त्याने नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं. मागून आवाज जरा कमी आले. त्याने थांबून ते पुन्हा म्हटलं, सगळे म्हणेपर्यंत.

घरी त्याच्या बायकोने, भागीरथीने, त्याला वेगळंच सुनावलं. "दारूचं राहू द्या. तुमचा श्वास बंद पडतो ते कधी सांगणार त्यांना?"

"कसला बंद पडतो?"

"अठरा वर्षं बघतेय. घोरता, घोरता आणि एकदम गप. मी मोजते. वीस, तीस, कधी चाळीस. मग कुणी गळा दाबून सोडल्यासारखे उसळता. मी कोपराने ढोसते म्हणून जिवंत आहात."

"मग आधी का नाही बोललीस?"

"रोज बोलते. तुम्ही झोपलेले असता."

विमा दवाखान्यात आजवर त्याला प्रत्येक वेळी शक्तीच्या लाल गोळ्या मिळाल्या होत्या. या खेपेस नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरने त्याची मान टेपने मोजली, भागीरथीला खुर्ची दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नावे चिठ्ठी लिहिली. तिथे झोपेची तपासणी सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. झोपेचीही तपासणी असते हे कळल्यावर यार्डातल्या लोकांनी शिवरामला पास होण्यासाठी शुभेच्छा दिल्या.

इस्पितळात त्याच्या डोक्याला चिकट मलम लावून तारा जोडल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकाखाली एक बारीक तार ठेवली, बोटाला चिमटा लावला. शेजारच्या खोलीत एका यंत्रावर पेनांची रांग होती आणि खालून कागद सरकत होता. तंत्रज्ञ शेवटची तार लावत असताना शिवराम घोरू लागला. तंत्रज्ञाने ती घोरण्यातच लावली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे कागदाचा वीतभर जाड गठ्ठा ठेवला. एका रात्रीचा एवढा कागद होतो याचं शिवरामला आश्चर्य वाटलं. त्याच्या आख्ख्या नोकरीची फाइलसुद्धा इतकी जाड नव्हती. बाईंनी मधलंच एक पान उघडून बोट ठेवलं. श्वासाची रेघ वरखाली होत होती आणि मग सपाट. बराच वेळ सपाट.

"इथे तुम्ही श्वास घेत नव्हता. घसा मिटतो, हवा जात नाही. मग मेंदू तुम्हाला उठवतो. तासाला बावन्न वेळा. सर्वांत लांब थांबा एकाहत्तर सेकंद."

"मला काहीच आठवत नाही."

"आठवणार नाही. पण रात्रभर हेच. म्हणून दिवसा कुठेही डोळा लागतो. तुम्हाला खरी झोप मिळतच नाही."

शिवराम त्या सपाट रेघेकडे पाहत राहिला. चाळीसपर्यंत मोजणाऱ्या भागीरथीचं त्यापुढच्या एकतीस सेकंदांत काय होत असेल, हे त्याला पहिल्यांदाच सुचलं. मग त्याने विचारलं, "दारू प्यायल्याचं दिसतं का यात?"

"तुम्ही घेता?"

"नाही. पण दिसत नाही असं लिहून मिळेल का?"

"यात दारू दिसत नाही. रक्तात दिसते. आणि त्या दिवशीचं रक्त आता कुठून आणणार?"

"मग आजाराचं लिहून द्या. खाली शिक्का मारून."

दुसऱ्या रात्री त्याच्या नाकावर रबरी मुखवटा बसवला. त्याला जाड नळी, आणि नळीच्या टोकाला ट्रंकेएवढा डबा. डबा हवा सोडतो, हवा घसा उघडा ठेवते. नाव सीपॅप. सकाळी शिवरामने डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं. डोकं जड नव्हतं. हे इतकं अनोळखी होतं की तो थोडा वेळ कशाची तरी वाट पाहत पडून राहिला.

इस्पितळाच्या ट्रस्टने एक जुनं यंत्र त्याला वापरायला दिलं. पहिल्या रात्री घरातल्या शांततेत भागीरथीला झोप येईना. तिने दोनदा उठवून "आहात ना?" म्हणून विचारलं. तासाला बावन्न व्यत्यय होते, ते रात्रीत दोनवर आले, आणि तेही दोन्ही बायकोचे. आठवड्याने मुखवट्याचा पट्टा तुटला. शिवराम तो घेऊन उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत गेला. सिंधी मास्तराने पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"साईं, ये किसका है? घोडे का?"

"मेरे नाक का."

मास्तराने आणखी काही विचारलं नाही. नाकाचं माप घेतलं आणि जीन्सच्या कमरेचं इलॅस्टिक दुहेरी शिवून दिलं. मूळच्यापेक्षा ते चांगलं निघालं.

महिना झाला. यार्डात शिवरामचा डोळा एकदाही लागला नाही. इस्पितळाने पुन्हा तपासून क्रेन चालवण्यास हरकत नाही असं लिहून दिलं. चौकशीच्या दिवशी तो यंत्र, दोन कागद आणि भागीरथी घेऊन कारखान्यात गेला. यंत्र गेटवरच अडलं. सुरक्षारक्षकाने वहीत "नळी असलेला पंखा, नग एक" अशी नोंद करून ते ठेवून घेतलं. भागीरथीची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे त्याला न समजल्यामुळे ती आत आली.

चौकशी अधिकारी विष्णुपंत हे निवृत्तीला आलेले कल्याण अधिकारी. त्यांना कुणाचं वाईट करायची इच्छा नव्हती आणि नियमाबाहेर चांगलं करायचीही नव्हती.

"रोकडे, अजूनही विचार करा," ते म्हणाले. "माझ्याकडे दोनच रकाने आहेत. पहिल्यात सही करा आणि सुटा. दुसऱ्यात तुम्ही गेलात तर मी तुम्हाला वाचवू शकत नाही."

"साहेब, तिसरा रकाना आखा."

"तो अधिकार मला नाही."

"मग दुसऱ्यात लिहा. झोपलो होतो. प्यायलो नव्हतो. नोकरी गेली तरी हेच लिहा."

जयदेवने मध्ये तोंड घातलं. "साहेब, आमची साक्षीदार हाय."

विष्णुपंतांनी चष्म्यावरून भागीरथीकडे पाहिलं. "बाई, तुम्ही त्या दिवशी कारखान्यात नव्हता."

"तुम्ही माझ्या घरात नव्हता," भागीरथी म्हणाली. "अठरा वर्षं मी यांचा श्वास मोजलाय. तुम्ही अकरा मिनिटं मोजलीत. आणि दारूचं म्हणाल, तर घोरणाऱ्याचं तोंड रात्रभर माझ्या नाकापाशी उघडं असतं. मला कळलं नसतं?"

कारकुनाने खाली मान घालून हे सगळं टिपून घेतलं. विष्णुपंतांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र वाचलं, परत वाचलं, मग एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "आठ दिवसांनी निकाल," ते म्हणाले.

आठ दिवसांनी, गुरुवारी, विष्णुपंतांनी शिवरामच्या हातात टंकलिखित कागद ठेवला. जयदेव खांद्यावरून डोकावून वाचत होता.

"सदर कामगारास विशिष्ट यंत्राच्या साहाय्याशिवाय खरी झोप लागत नाही, असे सादर केलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रावरून दिसून येते. घटनेच्या दिवशी क्रेनच्या केबिनमध्ये असे कोणतेही यंत्र नव्हते. सबब सदर कामगार झोपला होता हा आरोप, व त्यातून उद्भवलेला कामास नकाराचा आरोप, सिद्ध होत नाही. त्यास पूर्ववत कामावर घ्यावे."

"साहेब," शिवराम म्हणाला, "पण मी झोपलो तर..."

जयदेवने त्याच्या पायावर बूट ठेवला आणि उचलला नाही.

शिवरामने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. दारू हा शब्द त्यात कुठे नव्हता. मद्य नव्हतं, व्यसन नव्हतं, माफीही नव्हती. मागची बाजू उलटून पाहिली, ती कोरी होती. मग त्याने सही केली.

शुक्रवार सुट्टीचा. शनिवारी सकाळी सात वाजता तो क्रेनवर चढला.

९ फेब्रुवारीला तो अकरा मिनिटं झोपला होता.