बिनतारेचे गिअर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात जसं ठाऊक आहे तसं अंबडच्या कोर्टातही ठाऊक आहे. मी तिथं लिपिक आहे. त्या रागाच्या भरात मी एकदा जेवता जेवता बोलून बसलो, की रविवारी वडीगोद्रीपर्यंत सायकलवर एकटा जाऊन येतो, वाटेत कुणाची मदत घेत नाही, आणि घ्यावी लागली तर सायकल विकून टाकतो. बायको बिचारी एवढंच म्हणाली होती, "एकटे नका जाऊ, कुणाला तरी संगं घ्या." शर्त-बिर्त तिच्या मनातही नव्हती. ती माझ्याच तोंडातून निघाली आणि मग मागं घेणं मला जमेना. जालन्यातले एक मास्तर माझ्या सायकलीवर कधीपासून डोळा ठेवून होते, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायचाही प्रश्न नव्हता.

जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पूर्वी एवढं मी आंघोळीआधी करून यायचो. पण पूर्वी मला उजवा हात होता.

हात आजही आहे. मूठ वळते, ब्रेक दाबता येतो, चहाचा कप धरता येतो. पण बोटं आडवी सरकत नाहीत आणि चिमूट बसत नाही. कुलपात किल्ली फिरत नाही. शर्टाचं वरचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात, म्हणून मी ते लावायचंच सोडलं आणि विचारणाऱ्याला सांगितलं, उकडतं. पाच महिन्यांपूर्वी कालव्याच्या पुलाजवळ खडीवरून चाक घसरलं आणि मी कोपरावर आपटलो. दोन मोटारसायकलवाले थांबले. एक जीपवाला उतरून आला, दवाखान्यात सोडतो म्हणाला. "काही झालेलं नाही, जा तुम्ही," असं वसकन ओरडून मी सगळ्यांना वाटेला लावलं आणि मोडलेला कोपर घेऊन बारा किलोमीटर एका हातानं सायकल हाकत घरी आलो. घरीसुद्धा संध्याकाळपर्यंत काही बोललो नाही. हाड पुढं जुळलं. पण कोपरातून जाणारी नस तेवढ्या वेळात चेमटली ती चेमटलीच. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मला कळायचं ते कळलं. तरी मी लोकांना सांगत होतो, रोज फरक पडतोय.

आता अडचण अशी, की रेसिंगच्या सायकलीचा गिअर बदलायला ब्रेकच्या दांडीमागची पट्टी बोटांनी आडवी रेटावी लागते. म्हणजे नेमकं तेच, जे माझ्या हातून होत नाही. चढावर गिअर हलका करता येईना. एकदा जागेवर अडकून उतरलो, एकदा उतरायच्या आत पडलो. त्यात गुडघा फुटल्यावर बायकोनं सायकलवर जुनी चादर टाकली. ती चादर दिसली की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो.

मग इंटरनेटवर इलेक्ट्रॉनिक गिअरचा एक स्वस्तातला संच सापडला. यात तारच नसते. उजव्या ब्रेकच्या दांडीच्या आतल्या बाजूला दोन छोटी बटणं. एक दाबलं, की मागच्या चाकाजवळची मोटार चेनला मोठ्या चक्रावर चढवते आणि पेडल हलकं होतं. दुसरं दाबलं, की छोट्या चक्रावर उतरवते आणि पेडल जड होतं. बटण नुसतं बोट टेकवून दाबायचं. तेवढं माझं बोट करू शकत होतं. नावाजलेल्या कंपन्यांचा संच माझ्या आवाक्यातला नव्हता, म्हणून हा मागवला.

बसवून देणारा जालन्यातला सायकलवाला. त्यानं खोकं उघडलं, मोटारीची डबी हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "साहेब, वस्तू हलकी हाय. चालली तर चालली. वाटंत बंद पडली तर मंग मला बोलायचं न्हाई." मोबाइलला जोडून त्यानं एकेक चक्रावर चेन नीट बसवली. मी बटण दाबलं. झीं, टक्. चेन सरकली. मी पुन्हा दाबलं. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी मी लहान पोरासारखा दाबतच राहिलो.

आमच्याकडं नवी गाडी आली, की आधी राजूरच्या गणपतीला नेतात. सायकलला नवे गिअर बसवले म्हणजे ती नवी गाडी होत नाही, असं मी बायकोला सांगून बघितलं. तिनं ऐकलं नाही. मेव्हण्याच्या जीपमध्ये सायकल आडवी घालून आम्ही राजूरला गेलो. हार घातला, नारळ फुटला. पुजारी लाल धागा हँडलच्या मधोमध बांधायला लागला, तशी बायको पुढं झाली. "मधात नको. उजवीकडं बांधा, हात पडतो तिथं." पुजाऱ्यानं उजव्या ब्रेकच्या मुठीवरच्या रबरावर, बोटं टेकतात तिथं, सात वेढे घातले आणि गच्च गाठ मारली.  तिनं तो धागा सायकलसाठी मागितला नव्हता, हे मलाही कळत होतं.

रविवारी तीन वाजता निघालो. बायको दारात उभी होती. "पोचले की फोन करा." मी म्हणालो, "फोन केला तर तीही मदतच झाली." काय गरज होती असं बोलायची? पण बोललो. दिवस मावळायच्या आत येतो म्हणून सांगितलं आणि पेडल मारलं.

पहिले दहा-बारा किलोमीटर मी हवेत होतो. छोटा चढ आला की टक्, उतार आला की टक्. पाच महिने जे बोट मला नुसतं चिकटवल्यासारखं वाटत होतं, त्याच्या एका दाबानं चेन सरकत होती. मोसंबीच्या बागा, कापसाच्या पऱ्हाट्या, रस्त्यावर सांडलेला ऊस. मला एकट्यालाच मोठ्यानं हसू आलं.

मग एका वळणावर उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. त्याला ओलांडून एक गाडी थेट माझ्या अंगावर. मी दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले आणि डांबर सोडून खाली उतरलो. गाडी हॉर्न वाजवत गेली. पण पडलो नव्हतो. पुन्हा रस्त्यावर आलो, पेडलवर जोर दिला आणि मागून आवाज आला. झीं टक्, झीं टक्, झीं टक्. मी काही दाबलं नव्हतं. चेन आपोआप एकेक चक्र उतरत सगळ्यात छोट्यावर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जाऊन बसली.

हलक्या गिअरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, शिव्या दिल्या. काही नाही.

उतरून मोबाइल काढला. मोबाइलवरून चेन चढवली, तर चढली. दोन श्वास होतात न होतात तोच ती पुन्हा खाली. कुणीतरी अदृश्य माणूस हट्टानं दुसरं बटण दाबून बसला होता. मी त्या सायकलवाल्याला आठवलं, खोकं पाठवणाऱ्याला आठवलं, स्वतःच्या कंजूषपणाला आठवलं. वडीगोद्री अजून आठ किलोमीटर होती. मागं फिरलो तर शर्त तिथंच संपली. त्या जड गिअरवर पुढं गेलो तर समोर वारा होता.

पुढं गेलो. बसून पेडल फिरेना, म्हणून उभं राहून एकेक पाय खाली ढकलायचा. उभं राहिलं की सगळा भार हातांवर, आणि उजवा हात हँडलवरून सुटायला बघायचा. ऊस भरलेल्या ट्रॉल्या इतक्या जवळून जात होत्या, की उसाची पानं दंडाला घासत होती. एकदा हँडल वाकडं झालं आणि मी जवळजवळ चाकाखाली गेलोच. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पडायची नव्हे. पडलो तर पुन्हा लोक थांबतील, आणि मी पुन्हा काय बोलेन, त्याची.

वडीगोद्रीच्या फाट्यावर कसाबसा पोचलो. एका पंक्चरच्या दुकानाच्या ताडपत्रीखाली सायकल टेकवली. दुकानदार म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी त्याला काही विचारलं नाही. नुसती सावली घेतली, ही मदत होत नाही, असं मनाशी ठरवलं. आणि सावलीतच मला दिसलं. उजव्या दांडीवरचा बारीक हिरवा दिवा, जो बटण दाबल्यावर क्षणभर लागतो, तो लागलेलाच होता. ब्रेक दाबताना राजूरचा धागा रबरावरून खाली सरकला होता आणि त्याची गाठ बरोबर जड गिअरच्या बटणावर रुतून बसली होती.

हसावं की रडावं कळेना. धागा ओढून बघितला. घामानं भिजून गच्च झालेला, तसूभरही हलेना. डाव्या नखानं गाठ कुरतडली. गाठ सोडायला दोन हात लागतात, एकानं धरायचं आणि एकानं सोडायचं. दातानं बघितलं. हँडलला तोंड लावलेला माणूस बघून म्हातारा उठून आला.

"काय करून राह्यले साहेब?"

"काही नाही. धागा काढतोय. ब्लेड आहे का?" विचारून गेलो आणि जीभ चावली. पण ब्लेड मागणं म्हणजे उसनं घेणं, मदत नव्हे, असंही लगेच मनाला समजावलं.

त्यानं धागा निरखला. "राजूरचा ना? ब्लेड हाय, पण देणार न्हाई. घरच्यांनी बांधला आसंल. सोडायचा, कापायचा न्हाई." त्यानं टोच्या आणला, गाठीत घातला आणि मला म्हणाला, "हे टोक धरा बराबर."

मी उजव्या हातानं टोक धरलं. त्यानं टोच्या उचलला, टोक सुटलं.

"जोरात धरा."

पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं.

"आवो साहेब, जोर लावा की जरा! बिलकुल जान न्हाई का बोटात?"

माझ्या डोक्यात सणक गेली. माझं मी बघतो, व्हा बाजूला, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तेच शब्द मी कालव्याच्या पुलाजवळ वापरले होते. ह्या खेपेला मी ते गिळले.

"धरता येत नाही मला," मी म्हणालो. "ह्या हातात काही राहिलं नाही आता."

पाच महिन्यांत हे मी कुणाला म्हटलं नव्हतं. स्वतःलाही नाही. मला वाटलं, तो आता हळहळेल, कसं झालं, कधी झालं, विचारील.

"मंग आधी सांगायचं ना," म्हातारा म्हणाला. "डाव्यानं धरा. मी ह्या अंगाला येतो." आणि तो सायकलला वळसा घालून पलीकडं आला. दोन मिनिटांत गाठ सुटली. दिवा विझला. त्यानं धागा झटकून माझ्या खिशात घातला आणि एका ट्यूबमागं लागला.

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता आणि गिअर एकदाही चुकले नाहीत. पण मन मोकळं नव्हतं. शर्त मी हरलो होतो आणि हे जगात त्या म्हाताऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. धागा कुठं, असं विचारलं तर सरकून पडला म्हणायचं. सोपं होतं. मी त्या थापेला अंबडपर्यंत घासून-पुसून लख्ख केलं. ती सायकल गेली असती तर माझ्यात काय उरलं असतं, हे मला ठाऊक होतं.

बायको ओट्यावर मेथी निवडत होती. ऊन अजून भिंतीवर होतं. तिनं आधी माझे गुडघे बघितले, मग हँडल.

"धागा?"

"बटणावर बसला होता," मी म्हणालो. "माझ्यानं सुटला नाही. एका पंक्चरवाल्यानं सोडून दिला. शर्त हरलो. मास्तरांना कळवून टाकतो, घेऊन जा म्हणून."

 तिनं दोन-तीन काड्या निवडल्या. मग म्हणाली, "तुम्ही काय म्हणलात त्याला?"

"कुणाला?"

"पंक्चरवाल्याला."

"धरता येत नाही, म्हणालो."

"तोंडानं म्हणलात?"

"हो."

तिचे हात थांबले. मेथीकडं बघतच ती म्हणाली, "त्या दिशी जीपवाल्याला येवढंच म्हणायचं होतं ना हो."

पाच महिन्यांत तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.  मला भडभडून आलं आणि मी ते लपवायला हेल्मेट काढायला गेलो. हनुवटीखालचं बकल चिमटीत धरून दाबावं लागतं. ते मी दर वेळी न्हाणीघराचं दार लावून, डाव्या हातानं, आरशात बघत काढायचो.

मी तिच्यासमोर पायरीवर बसलो आणि हनुवटी वर केली. "हे काढ जरा," मी म्हणालो. तिनं पदराला हात पुसले.