अलकाचा मुराळी

नरोलीच्या खोल्यांच्या रांगेत अलकाची आणि माझी भिंत एकच. ती धुळ्याकडची. नवरा संजू खडोलीच्या कारखान्यात, आणि ही घरी कामगारांचे डबे करते. भाकरी थापताना गायची तिला खोड. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून तिने असंच एक गाणं टाकलं, लोकांना आवडलं, मग ती रोज टाकू लागली. डोक्यावर पदर, हात पिठाचे. दाखवण्यासारखं त्यात दुसरं काही नव्हतं.

तरी व्हिडिओंखाली घाण साचायला लागली. 'नवरा नामर्द आहे का, बायकोला नाचवतो.' ते वाचून ती पदर आणखी पुढे ओढून बसायची. एक दिवस कुणीतरी लिहिलं, 'भाकरी राहू दे, रात्रीचा भाव सांग.' हा समाधान, तिच्याकडेच डबा लावलेला कामगार. दोन्ही वेळा हिच्याच हातचं जेवणारा. नाव आपलं, फोटो आपला; लपायची गरजसुद्धा त्याला वाटली नाही.

समाधान तिच्या माहेरासमोरच्या गावचा, मध्ये फक्त नदी. त्यांच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन्ही गावच्या बाया दोन काठांवर उभ्या राहतात आणि गाण्यातून एकमेकींच्या गावाचा, बापाभावांचा उद्धार करतात. पुरुष मागे उभे राहून हसतात. रागवायचं नाही, घरी जाऊन पुरणपोळी खायची. अलका लहानपणापासून त्यात पुढे.

तिने समाधानला तसंच उत्तर दिलं. गाणं रचून मोबाईलवर टाकलं: तुमच्या गावचे गडी बाईच्या ताटात जेवतात आणि तिच्याच पदराला हात पुसतात. पुढचं मी इथे लिहीत नाही. पण खरं सांगते, ऐकून माझा जीव निवला.

समाधानने स्वतःचं लिहिलेलं पुसलं आणि हिचं गाणं तेवढं तिच्या गावच्या ग्रुपवर धाडलं. चोर तो चोर, वर शिरजोर. 'बाईच्या तोंडी ही भाषा?' म्हणून सगळं गाव खवळलं. भाव विचारला तेव्हा यातलं कुणी खवळलं नव्हतं. संजूनेही तिलाच विचारलं, "तू गप का नाही बसलीस?"

अलकाची पिशवी भरून तयार होती. दरवर्षी आखाजीला तिचा भाऊ मंगेश मुराळी होऊन न्यायला यायचा. वर्षातून तेवढंच तिचं माहेर. यंदा त्याचा फोन आला.

"यंदा तू येवू नको. गावमा तोंड दाखाडाले जागा नही राह्यनी."

"त्यानी काय लिखं, ते वाचं का तू?"

"गडीमाणसं बोलतसच. तू कसाले बोलनी?"

तिने फोन ठेवला आणि पिशवीतली लुगडी परत खुंटीवर टाकली.

सणाच्या आदल्या दिवशी गावी निघालेला समाधान दारात आला, बॅग पाठीला, वाटेसाठी भाकरी मागायला. वर म्हणतो, "अक्का, मायेरले काही धाडानं शे का?" मी असते तर परात हाणली असती. अलकाने भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "मना भाऊले सांग, तू पहिलं काय लिखं व्हतं ते."

"ती मस्करी व्हती, अक्का," म्हणत तो बस पकडायला निघाला.

आखाजीच्या संध्याकाळी ती मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. माहेरच्या नदीवरचा व्हिडिओ होता. तिच्या भावजया, मैत्रिणी काठावर उभ्या राहून समाधानच्या गावाला शिव्या देत होत्या, हिच्या गाण्यापेक्षा चढ्या. मागे पुरुष हसत होते. व्हिडिओ टाकला होता मंगेशने. खाली लिहिलं होतं, 'आपली परंपरा, आपला अभिमान.'

अलकाने तो पुन्हा लावला, शेवटपर्यंत पाहिला.

"माले सोडीसन समद्या शेतस," काठावरच्या बायांवरून बोट फिरवत ती म्हणाली, आणि डबे करायला उठली.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतो. गाण्याचा येत नाही.