शिक्षा, रोज दोन तास

त्या दिवशी सकाळी नऊलाच लू सुटली होती. झाशीची लू म्हणजे भट्टीचं दार उघडून कुणी तोंडावर फुंकर मारावी तशी. अशा हवेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं मी जे केलं त्याला दुसरं कारण माझ्यापाशी नाही.

मी तेव्हा रेल्वेत गँगमन. भुसावळकडून बदली होऊन चार महिने झालेले. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पगाराला अंगठा. हिंदी म्हणाल तर रुळावर लागते तेवढी.

आदल्या दुपारी शेजारचे प्यारेलाल भैया मला सिनेमाला घेऊन गेले. थेटरात पंखे असतात म्हणून गेलो आणि रडून आलो. एक गरीब हमाल. कुणीतरी गोड बोलून कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेतो, आणि त्या अंगठ्यावर त्याला चौदा वर्षं तुरुंग! काही केलेलं नाही हो बिचाऱ्यानं. शेवटी सुटतो, पण केस पांढरे होऊन. मी तिथंच ठरवलं, अनोळखी माणसाला अंगठा द्यायचा नाही.

आणि सकाळी दारात काळी छत्री, जाड रजिस्टर आणि शाईची डबी घेऊन एक गृहस्थ उभे!

"दादा, शिक्षा के लिए आपका नाम आया है. यहाँ अंगूठा लगाइए."

आता तुम्हीच सांगा, आपल्या मराठी कानाला शिक्षा म्हणजे काय? माझा अंगठा आपोआप मुठीत गेला.

किती दिवसांची, विचारलं. म्हणाले सहा महिने, रोज संध्याकाळी दोन तास. मला वाटलं, सरकार दयाळू आहे, नोकरी सांभाळून थोडी थोडी भोगायला देतंय. मग धीर करून गुन्हा विचारला.

ते हसले. "अनपढ़ रहना ही तो जुर्म है, दादा."

हे मात्र खरं होतं. नाकारू कसं?

तेवढ्यात ते म्हणाले की घरवालीचंही नाव आहे, बायकांची दुपारी असते. तिथं माझा धीर सुटला. शांता आत भाकरी थापत होती. तिनं कुणाचं काय वाकडं केलंय? मी हात जोडले.

"साहब, उसकी भी शिक्षा मुझको दे दो. पूरी."

गृहस्थांचे डोळे भरून आले. शिक्षेची एवढी ओढ असलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. पण ज्याची त्यानंच घ्यायची, असा नियम निघाला. शांता पिठाच्या हातानं बाहेर आली, सगळं ऐकलं आणि माझ्याआधी अंगठा उठवून मोकळी झाली.

"तुम्ही आत गेल्यावर मी बाहेर राहून काय करू?" म्हणाली.

मग मीही मूठ उघडली.

संध्याकाळी घोंगडी, तांब्या आणि बांधलेली भाकरी घेऊन निघालो. प्यारेलाल भैयांनी ओट्यावरून हटकलं, कुठं चाललात? शिक्षा भोगायला, म्हटलं, सहा महिन्यांची. हसता हसता ते ओट्यावर आडवेच झाले. उठल्यावर समजावलं, की इकडं शिक्षा म्हणजे लिहिणं-वाचणं. तुम्ही समजता ती सजा.

तसाच गेलो वर्गात. घोंगडी बसायला कामी आली.

शांता तीन महिन्यांत माणिक चौकातल्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. भावाचं पत्र आलं तर कुणाकडे गेली नाही, उंबऱ्यात बसून स्वतः वाचलं, दोनदा. मी मात्र सावकाश माणूस. 'झाशी'तला 'झ' काही केल्या वळेना. आज हे सगळं माझ्या हातानं लिहितोय खरा, पण सहा महिन्यांनी परीक्षा झाली तेव्हा ती पास, मी नापास. मास्तरांनी माझं नाव पुन्हा रजिस्टरात घेतलं.

पाटी काखेत मारून मी परत निघालो, तर प्यारेलाल भैया ओट्यावर होतेच.

"भौजी तो बेकसूर थीं दादा, छूट गईं. आपका जुर्म पक्का निकला, छह महीने और!"