हिरडे साहेबाने लावले नव्हते

बहात्तर सालच्या हिवाळ्यात, अकोले तालुक्यातल्या एका डोंगरावर, माझी एक अक्षम्य चूक माझ्यासमोर येऊन बसली होती...

इंग्रज साहेबाचा जुना कॉफीचा मळा पर्यटकांसाठी खुला होणार होता. बंगल्याच्या व्हरांड्यातल्या फलकावरचा इतिहास माझा. मी नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवत असे, आणि माझ्या मजकुरात तोवर कोणालाही बोट ठेवायला जागा सापडली नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पोहोचले, तर नव्या तारेच्या कुंपणाबाहेर डोंगरातल्याच पाच-सहा कोळी आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. कॉफीवर सावली धरणाऱ्या हिरड्यांखाली पडलेला हिरडा वेचून औषधवाल्या व्यापाऱ्याला विकायचा, ही त्यांची पिढ्यांची मिळकत. आता पहारेकरी त्यांना आत सोडत नव्हता.

मी व्यवस्थापकांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सावलीची झाडं साहेबानं लावली, हे तुम्हीच लिहिलंय. मग ती मळ्याचीच झाली."

लिहिले होते खरे. साहेबाच्या पत्रात तसे होते, आणि इंग्रजी कागदावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता...

बायकांमधल्या वयस्कर हौसाबाईंनी मला हाताला धरून तारेजवळ नेले. "बाई, तुमी लई शिकल्याल्या. ह्यो बांध बघा आन् सांगा, आधी झाड का आधी बांध?"

साहेबाने पहिल्याच वर्षी घातलेला तो दगडी बांध उतारावरून सरळ येत होता, आणि प्रत्येक हिरड्यापाशी खोडाला वळसा घालून पुढे जात होता.

"भाताच्या राबाला आमी ऐनाचं झाड तोडतो, फांद्या जाळून जमीन भाजतो. हिरड्याला कोयता लावत न्हाई. म्हून तर साहेबाला आयती सावली घावली. त्यानं लावलं त्ये फकस्त नाव."

मी व्यवस्थापकांना ती ओळ काढायला सांगितली. ते म्हणाले, "पाहुणे उद्या येतायत. एका ओळीसाठी फलक पुन्हा कोण रंगवणार?"

पेंटरचा पांढऱ्या रंगाचा डबा तिथेच होता. ओळ मीच पुसली. ते प्राचार्यांकडे तक्रार करणार म्हणाले. मी त्यांना कॉलेजचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी माईकवर माझी चूक मी स्वतः सांगितली, आणि बाकीच्या भाषणांआधी पाहुण्यांना त्या बांधापर्यंत चालवत नेले. वळसे बघून त्यांनीच व्यवस्थापकांना बायकांना आत सोडायला सांगितले. दुपारी फाटक उघडले. हौसाबाई टोपली उचलत म्हणाल्या, "आता उभ्या काय ऱ्हाता? वेचू लागा."

त्या मळ्यात मला पुन्हा कोणी बोलावले नाही. फलकावरचा पांढरा पट्टा कुरूप दिसतो, असे जाऊन आलेले लोक अजून कळवतात... दिसू दे. मी लिहिलेल्या कुठल्याही ओळीपेक्षा मला त्या पुसलेल्या ओळीचा अभिमान अधिक आहे, आणि तो हौसाबाईंमुळे आहे.